मंदी आली की पगार कापत नाहीत, माणसं काढतात. असं का?

वैदेही_कोथरूड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. विषय थोडा अभ्यासाचा आहे पण जिव्हाळ्याचाही आहे, त्यामुळे लांबलाय, सावकाश वाचा.

गेल्या काही महिन्यांत आमच्या ओळखीतल्या दोन घरांत नोकऱ्या गेल्या. एक चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर, दुसरी आयटीत टेस्टिंगला. दोघांशी वेगवेगळं बोलणं झालं आणि दोघांच्या तोंडी जवळपास एकच वाक्य, अहो पंधरा-वीस टक्के कमी घेतले असते की आम्ही, पण विचारलंच नाही कोणी. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

मी ज्युनियर कॉलेजला अर्थशास्त्र शिकवते. आम्ही मुलांना सांगतो की मार्केट यार्डात कांदा पडून राहिला की भाव उतरतो आणि कांदा उठतो. मग कामगार जास्त आणि काम कमी असेल तर मजुरीचा भाव उतरायला हवा आणि सगळ्यांना थोडंथोडं काम मिळायला हवं. प्रत्यक्षात भाव जागच्या जागी राहतो आणि माणसं घरी बसतात. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सने १९३६ मध्येच म्हटलं होतं की कामगार हातात पडणारा पगार कापायला जोरात विरोध करतात, महागाईने त्याच पगाराची किंमत घटली तर तेवढा करत नाहीत, आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे आपण बाकीच्यांच्या मागे पडू ही भावना.

त्यानंतर यावर पुष्कळ मॉडेलं झाली. पण येल विद्यापीठातले ट्रूमन ब्यूली, जे मूळचे गणिती अर्थशास्त्राचे, त्यांनी सरळ जाऊन लोकांना विचारलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मंदीत अमेरिकेच्या ईशान्य भागात, मुख्यतः कनेक्टिकट राज्यात, ३०० हून जास्त लोकांच्या मुलाखती घेतल्या. त्यात कंपन्यांचे मालक, मॅनेजर, युनियनचे पुढारी, बेकारांना नोकरी शोधायला मदत करणारे सल्लागार असे सगळे. १९९९ मध्ये ते सगळं छापून आलं. प्रश्न हाच, की बाहेर एवढे लोक काम मागतायत तर तुम्ही आतल्यांचा पगार कमी का करत नाही? बहुतेकांचं उत्तर एका शब्दात सांगायचं तर मनोबल. पगार कापला की तो माणूस रोज कामावर येतो आणि रोज ते मनात घेऊन येतो, बाकीच्यांशी बोलतो, चांगले लोक सगळ्यात आधी दुसरीकडे जातात, उरलेले हात राखून काम करतात. कामावरून काढलं तर दुखावलेला माणूस गेटाच्या बाहेर जातो, आत थोडे दिवस वातावरण वाईट असतं, मग सुरळीत होतं.

मला हे वाचून फार लागलं. म्हणजे आतल्यांचं मन सांभाळायची किंमत बाहेर गेलेला माणूस भरतोय, आणि ज्याचं पोट जाणार त्याला कपात परवडली असती का हे कुणी विचारतच नाही.

आता तुम्हाला दोन प्रश्न, प्रामाणिकपणे सांगा.

पहिला: एका कंपनीला थोडाफार नफा होतोय. गावात मंदी आहे, बेकारी बरीच आहे, महागाई नाही. कंपनी पगार ७ टक्क्यांनी कमी करते. हे योग्य की अन्याय?

दुसरा: तीच कंपनी, तीच बेकारी, पण महागाई १२ टक्के. कंपनी पगार ५ टक्क्यांनी वाढवते. योग्य की अन्याय?

हिंजवडी_फेज_३

पहिला अन्याय, दुसरा चालेल. लिहून झाल्यावर लक्षात आलं की दोन्हीकडे हिशेब साधारण सारखाच आहे, पण तरी मनाला पहिलाच टोचतो.

आयटीत तर हे रोज चाललंय. फ्रेशरचं पॅकेज दहा-पंधरा वर्षं साडेतीन लाखाच्या आसपासच फिरतंय, तेवढ्यात हिंजवडीतलं वन बीएचकेचं भाडं कुठच्या कुठे गेलं, पण कधी कुठल्या बॅचला सांगितलं नाही की तुमचा पगार मागच्या बॅचपेक्षा कमी आहे. आकडा तोच ठेवला की कुणी ओरडत नाही. आणि आतल्यांसाठी व्हेरिएबल पे आहेच, क्वार्टर वाईट गेलं की साठ टक्के मिळाला, चाळीस टक्के मिळाला, लोक दोन दिवस कुरकुरतात आणि परत कामाला लागतात. तेच जर बेसिकला हात लावला असता तर अख्ख्या फ्लोअरने रेझ्युमे अपडेट केला असता त्याच रात्री.

वैदेही_कोथरूड

अगदी तेच उत्तर आलं होतं. हा प्रश्न डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी कॅनडात टोरांटो आणि व्हँकुव्हरमधल्या लोकांना फोनवर विचारला होता, १९८६ मध्ये छापला. पहिल्याला ६२ टक्के लोकांनी अन्याय म्हटलं, दुसऱ्याला फक्त २२ टक्क्यांनी.

आणि तुमच्या व्हेरिएबलवाल्या मुद्द्यावर पण त्यांचा एक प्रश्न आहे. छोटी कंपनी, धंदा पूर्वीसारखा वाढत नाहीये, मालक पगार १० टक्के कमी करतो, ६१ टक्के म्हणाले अन्याय. त्याच कंपनीत दरवर्षी १० टक्के बोनस मिळायचा आणि मालकाने यंदा बोनस दिला नाही, तर अन्याय म्हणणारे फक्त २० टक्के. घरी येणारी रक्कम दोन्हीकडे सारखीच घटली.

लालबागचा_पोरगा

वैदेहीताई, धागा छान आहे पण हे बोनसचं मुंबईत लागू पडत नाही. माझे आजोबा आणि पणजोबा दोघं गिरणीत, त्यामुळे हा इतिहास आमच्या घरात ऐकत मोठा झालोय आणि नंतर वाचला पण आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांना प्रचंड नफा झाला तेव्हा मालकांनी कामगारांना बोनस सुरू केला. काही वर्षं सलग दिला. मग नफा आटला आणि त्यांनी सांगितलं यंदा बोनस नाही, ही आमची खुशी होती. कामगारांनी ते मानलं नाही. जानेवारी १९२४ मध्ये दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, कारण काय तर बोनस. चौकशी समिती बसली, तिने सांगितलं की कायद्याने तुमचा हक्क बनत नाही. कामगारांना हात हलवत परत जावं लागलं.

पुढच्याच वर्षी मालकांनी थेट पगारालाच हात घातला, ११.५ टक्के कपात. मालकांचं म्हणणं ऐकून घ्या हं, ते म्हणत होते महायुद्धानंतर वाढलेल्या किमती आता उतरल्यात, तुम्हाला महागाई म्हणून दिलेली वाढ थोडी परत घेतोय, तुमचं नुकसान काहीच नाही. पुस्तकी हिशेबाने त्यात तथ्य पण असेल. तरी सप्टेंबर १९२५ पासून तीन महिने गिरण्या बंद होत्या. कामगार गावाला निघून गेले, कोकणात, घाटावर, तिथे भात-भाकरी खाऊन राहिले पण कपात घेतली नाही. शेवटी डिसेंबरमध्ये सरकारने कापडावरचा साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर थांबवला आणि मालकांनी कपात मागे घेतली.

म्हणजे कनेक्टिकटमध्ये जे १९९० ला विचारून कळलं ते परळ-लालबागला १९२५ लाच कळलेलं होतं. आणि बोनस एकदा चार-पाच वर्षं सलग हातात पडला की माणूस त्यावर मुलीचं लग्न ठरवतो, गावचं घर शाकारतो, मग तो वरकड राहत नाही. पुढे बोनसचा कायदाच झाला १९६५ ला, आज किमान बोनस वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. १९८२ च्या संपाची ठिणगी पण बोनसवरूनच पडली होती हे लक्षात असू द्या. दत्ता सामंतांनी इंजिनियरिंग कंपन्यांमध्ये घसघशीत वाढी मिळवून दिल्या होत्या, ते रोज डोळ्यांसमोर होतं, आणि गिरणी कामगार म्हणत होता मी याच्यापेक्षा कमी का?

वैदेही_कोथरूड

हे १९२४-२५ चं इतकं सविस्तर मला माहीत नव्हतं, मनापासून आभार. माणूस आपला पगार कशाशी तरी ताडून बघतो, मागच्या वर्षीच्या आकड्याशी किंवा शेजारच्याच्या आकड्याशी. कॅनडातल्या त्या प्रश्नात बोनस लोकांच्या मनातल्या वेगळ्या खात्यात होता, मुंबईत तो त्याच खात्यात येऊन बसला होता.

मुक्त_बाजार

एवढं मानसशास्त्र कशाला? आपल्याकडे कायदेच असे आहेत की पगार कमी करता येत नाही. किमान वेतन आहे, सेवाशर्ती बदलायच्या तर नोटीस आहे, औद्योगिक विवाद कायद्यात २०२५ पर्यंत १०० किंवा जास्त कामगार असले की काढायला सरकारची परवानगी लागायची, आता नव्या संहितेत ती मर्यादा ३०० आहे. अमेरिकेत युनियन. हे अडथळे काढा, मजुरी आपोआप जागेवर येईल आणि बेकारी पण कमी होईल. भावनांवर मॉडेल उभं राहत नाही.

बांधावरचा_दत्ता

आमच्याकडं या मग, औसा तालुक्यात. इथं कायदा न्हाई, युनियन न्हाई, सकाळी सातला पारावर बोलणी होते आन् आठला माणसं रानात. तरी मजुरीचा रोज खाली येत न्हाई.

ज्या साली पाऊस चांगला होतो त्या साली खुरपणीला बाया मिळत न्हाईत, ज्याचं त्याचं तण वाढलेलं, मग एकजण पन्नास रुपये वाढवून देतो, दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला तोच रोज. पुढच्या साली दुबार पेरणी झाली, रानात काम न्हाई, निम्म्या बाया घरी बसून. आता हिशेबानं रोज उतरायला पायजे का न्हाई? पण न्हाई उतरत. मी कमी सांगितला तर दोघीचौघी येतील बी, पण गावात नाव होईल, अन् सोयाबीन काढणीला, जवा घाई असती आन् आभाळ आलेलं असतं, तवा माझ्याकडं कुणी येणार न्हाई. आन् ज्या येतील त्यांना बाकीच्या बाया सोडणार न्हाईत, तुझ्यामुळं आमचा रोज पडला म्हणून पाणवठ्यावर बोलून बोलून जीव नको करतील. म्हणून मी काय करतो, रोज तोच ठेवतो आन् दहा बायांच्या जागी सहा लावतो. राहिलेलं घरची माणसं करतो. एखादं काम गुत्त्यानं, म्हंजी ठेक्यानं, देतो. त्या चार बाया घरी बसल्या ते मला दिसतंय हो, मला काय बरं वाटत न्हाई.

वैदेही_कोथरूड

दत्तादादा, तुम्ही जे लिहिलंय ते जसंच्या तसं आकड्यांत सापडलंय. अर्थशास्त्रज्ञ सुप्रीत कौर यांनी भारतातल्या ६०० हून जास्त जिल्ह्यांची १९५६ ते २००९ ची पावसाची आणि शेतमजुरीची माहिती तपासली. चांगल्या पावसाच्या वर्षी मजुरी चढते, पुढच्या वर्षी पाऊस नेहमीसारखा झाला तरी ती खाली येत नाही, आणि त्यामुळे मजुरांना मिळणारं काम ९ टक्क्यांनी घटतं. ज्या वर्षी महागाई जास्त त्या वर्षी हा त्रास कमी, कारण आकडा न हलता मजुरी आतून उतरते.

पाणवठ्यावरच्या बोलण्याचा पण अभ्यास झालाय, ओडिशात. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि नंदिता कृष्णस्वामी यांनी १८३ खऱ्या शेतमालकांना बरोबर घेतलं, त्यांनी ५०२ मजुरांना काम देऊ केलं, काहींना चालू दराने, काहींना त्यापेक्षा कमी दराने. कुणाला हे घरात एकट्याला विचारलं, कुणाला चारचौघांत. चालू दर असेल तर कुठे विचारलं याने काही फरक पडला नाही. कमी दर असेल तर एकांतात बेकार मजूर तयार व्हायचे आणि लोकांसमोर जवळपास कुणीच तयार व्हायचं नाही. एवढंच नव्हे, कुठल्या लांबच्या गावात अनोळखी मजुराने कमी दर घेतला असं कळलं तरी त्याला शिक्षा व्हावी म्हणून हे गरीब लोक स्वतःचे पैसे सोडायला तयार होते.

मुक्त बाजार, कायद्याचा मुद्दा मी पूर्ण नाकारत नाही, मोठ्या कारखान्यांत तो असणार. पण ब्यूलींच्या यादीत बिनायुनियनच्या कंपन्या भरपूर होत्या आणि तिथेही हेच उत्तर आलं, आणि औशाच्या पारावर तर कुठलाच इन्स्पेक्टर नाही.

मुक्त_बाजार

ओडिशाचा भाग मान्य, तो मजबूत आहे. पण मग हा मजुरांचा एका प्रकारचा संघच झाला ना, आणि त्याचा तोटा बेकार मजुरालाच होतोय.

बांधावरचा_दत्ता

तोटा हाय, पर दर एकदा पडला तर पुन्हा चढवायला किती साल लागतील ते बी बघा. बाया अडाणी न्हाईत.

एचआर_वाली_मी

मी ऑटो क्षेत्रात एचआरला आहे, कंपनीचं नाव अर्थातच लिहीत नाही. मनोबल हा शब्द मीटिंगमध्ये सतत असतो पण खरा प्रश्न कपातीचा नसून तुलनेचा असतो. इन्क्रिमेंटची पत्रं वाटली की त्या आठवड्यात माझ्याकडे येणारा एकही माणूस म्हणत नाही मला कमी मिळाले, सगळे म्हणतात त्याला जास्त का मिळाले. दोन ऑपरेटर, एकच मशीन, एकच शिफ्ट, एकाला चारशे रुपये जास्त, झालं.

म्हणून पगार गुप्त ठेवा असं आम्हाला शिकवलं जातं. ते काही फार टिकत नाही, संध्याकाळपर्यंत कँटीनमध्ये सगळ्यांना सगळं माहीत असतं.

वैदेही_कोथरूड

यावर पण ओडिशातलाच प्रयोग आहे, ब्रेझा, कौर आणि योगिता शामदासानी यांचा, २०१८ मध्ये आला. ३७८ कामगार, महिनाभराचं काम, तीन-तीन जणांचे गट, एका गटातले तिघं एकच वस्तू बनवणार. काही गटांत तिघांना सारखा रोज, काहींत प्रत्येकाच्या कामाच्या वेगाप्रमाणे थोडा वेगवेगळा. तुलना अशी केली की माझा रोज तोच आहे, फक्त एका ठिकाणी माझ्या साथीदारांना माझ्याइतकाच मिळतो आणि दुसऱ्या ठिकाणी जास्त. जास्त मिळत होता तिथे कामगाराचं काम घटलं आणि हजेरी तब्बल १८ टक्के अंकांनी पडली. म्हणजे रोजचा पगार बुडवून लोक घरी बसत होते, आणि हे बेकारीच्या हंगामात.

पण जिथे कुणी किती काम केलं हे उघड मोजता येत होतं, तिथे हा परिणाम दिसलाच नाही. लोकांना फरकाचा राग नाही, कारण दिसत नसलेल्या फरकाचा राग आहे. त्यामुळे गुप्त ठेवण्यापेक्षा कारण उघड करा असं मला वाटतं.

एचआर_वाली_मी

जिथे नग मोजता येतात तिथे ठीक. मेंटेनन्सवाल्याचं काय मोजणार? मशीन बंद पडलं नाही हेच त्याचं काम.

भोसरी_वर्कशॉप

मी मालकाच्या बाजूने लिहितो, कारण मी कपात केली आहे. आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं युनिट, सीएनसी-व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं, सगळं जॉबवर्क. २०२० ला मार्चअखेर लॉकडाऊन लागला, २९ मार्चला केंद्राचा आदेश आला की पूर्ण पगार द्या, दिला. मे महिन्यात तो आदेश मागे घेतला गेला, तोपर्यंत आमची बँकेच्या कर्जाची सीसी लिमिट संपली होती आणि कस्टमरचं पेमेंट अडकलेलं.

माझ्यापुढे दोन रस्ते होते, निम्मी माणसं काढायची किंवा सगळ्यांचा पगार कमी करायचा. मी सगळ्यांना शॉप फ्लोअरवर बसवलं, बँकेचं स्टेटमेंट, ऑर्डर बुक, कुणाकडून किती येणं आहे, सगळं समोर ठेवलं. सगळ्यांना ३० टक्के कमी, माझा आणि भावाचा पगार पूर्ण बंद, ऑर्डर पूर्वीच्या पाऊण झाल्या की पगार पूर्ववत, तारीख सांगू शकत नाही पण आकडा दर सोमवारी फळ्यावर लिहीन. एका जुन्या टर्नरने सरळ विचारलं, साहेब तुमच्या गाडीचा हप्ता चालू आहे का? मी सांगितलं गाडी विकतोय, आणि विकली. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. दिवाळीच्या आधी पगार पूर्ववत झाले, त्या काळात चांगला माणूस एकही गेला नाही.

आमच्याच गल्लीत एका युनिटने चुपचाप २० टक्के कापले, काही सांगितलं नाही, आणि तीन महिन्यांत मालकाने नवीन गाडी घेतली. त्यांचं रिजेक्शन, म्हणजे नापास होऊन परत येणारा माल, इतकं वाढलं की एक कस्टमर तुटला. टूल मोडायचे, ऑफसेट चुकायचा, कुणी मुद्दाम केलं असं सिद्ध करता येत नाही पण सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा ताई, कपात चालतच नाही असं म्हणू नका. मालकाने आधी स्वतःचं ताट पुढे करायला पाहिजे.

वैदेही_कोथरूड

तुमचा प्रतिसाद मी माझ्या वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी असेल तर. ब्यूलींना पण हेच आढळलं होतं, कंपनी खरोखर बुडतेय आणि कपातीने नोकऱ्या वाचतायत हे लोकांना पटलं तर ते कपात स्वीकारतात.

आणि रिजेक्शनचा मुद्दा फार मोठा आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात डिकेटरला ब्रिजस्टोन-फायरस्टोनचा टायर कारखाना होता. १९९४ ला कंपनीने कामगारांकडे पगार आणि कामाच्या अटींत सवलती मागितल्या, संप झाला, बदली माणसं आणली. २००० साली फायरस्टोनचे लाखो टायर परत मागवले गेले. अॅलन क्रूगर आणि अलेक्झांडर मास यांनी कुठले टायर कधी बनले होते ते तपासलं. खराब टायर सगळ्यात जास्त कधीचे? सवलती मागितल्या तेव्हाचे, आणि नंतर परतलेले जुने कामगार आणि बदली कामगार शेजारी शेजारी उभे राहून काम करत होते तेव्हाचे. नवखेपणामुळे असतं तर फक्त बदली माणसं होती तो काळ सगळ्यात वाईट निघाला असता. या टायरांनी लोक मेले हो. मनोबल हा शब्द आपण फार सहज वापरतो.

भोसरी_वर्कशॉप

परवानगी आहे.

हिंजवडी_फेज_३

उलट बाजू पण सांगा ना. पगार वाढवला तर माणूस जास्त काम करतो का? फोर्डचं उदाहरण सगळे देतात.

वैदेही_कोथरूड

फोर्डने जानेवारी १९१४ मध्ये दिवसाचे ५ डॉलर जाहीर केले, आधीच्या जवळपास दुप्पट, आणि दिवस नऊऐवजी आठ तासांचा. पण त्यामागे मुख्य दुखणं वेगळं होतं, १९१३ ला लोक सोडून जायचं प्रमाण ३७० टक्के होतं, म्हणजे एकेका जागेवर वर्षात तीन-चार माणसं बदलत होती. ते थांबलं. मन जिंकण्यापेक्षा माणूस टिकवण्याचा भाग त्यात जास्त होता असं माझं मत.

जॉर्ज अकरलॉफ, ज्यांना पुढे २००१ ला नोबेल मिळालं आणि जे १९६७-६८ ला दिल्लीत राहून गेले होते, त्यांनी १९८२ मध्ये नोकरीला भेटवस्तूंची देवाणघेवाण म्हटलं होतं. त्यांचं उदाहरण एका कंपनीतल्या कारकून मुलींचं होतं, तासाला ३०० नोंदी एवढं बंधन आणि त्या सरासरी ३५३ करायच्या, जास्त पैसे मिळत नसताना. पण पैशाच्या भेटीचा असर फार टिकत नाही असंही दिसलंय. युरी ग्नीझी आणि जॉन लिस्ट यांनी लायब्ररीच्या डेटा एंट्रीला आलेल्या मुलांना १२ डॉलर सांगून ऐनवेळी २० दिले, पहिले ९० मिनिटं जोरात काम, मग इतरांसारखंच. कपातीचं तसं नाही. जर्मनीत तशाच कामाला ताशी १५ युरोऐवजी १० दिले तर काम २० टक्क्यांनी घटलं आणि ते घटलेलंच राहिलं, २० दिले तर फरक नाही.

घरीच_आहे_सध्या

सगळं वाचतोय दोन दिवस. मी त्या काढलेल्यांपैकी. क्वालिटीला होतो, पंधरा वर्षांचा अनुभव, राजीनामा लिहून घेतला.

मला एक सांगायचंय. मी कमी पगारात तयार आहे हे मी इंटरव्ह्यूत स्वतःहून सांगतो. तरी घेत नाहीत. म्हणतात तुमचा अनुभव जास्त आहे, तुम्ही टिकणार नाही. मी टिकेन हे मी कसं सिद्ध करू?

आणि वेळ. नोकरीत असताना वाटायचं वेळ मिळाला तर काय काय वाचीन. आता पेपरसुद्धा पूर्ण वाचून होत नाही. सकाळी उठून सोसायटीच्या बाहेर चक्कर मारून येतो कारण शेजारी विचारतात.

वैदेही_कोथरूड

दादा, लिहिलंत हे फार बरं केलंत. टिकणार नाही हे उत्तर ब्यूलींच्या मुलाखतीतही वारंवार आलंय, जास्त अनुभवी माणूस कमी पगारावर घेतला तर तो मनातून नाराज राहील आणि संधी मिळताच जाईल ही मालकांची धास्ती. तुमच्यात काही कमी आहे म्हणून हे होत नाहीये, हे कृपा करून मनावर घ्या.

आणि पेपर वाचून होत नाही याबद्दल. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाची गिरणी कामगारांची वस्ती होती, १९२९-३० ला गिरणी बंद झाली आणि जवळपास सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथे जाऊन अभ्यास केला, १९३३ ला छापला. तिथल्या वाचनालयात पुस्तकं फुकट मिळत होती आणि लोकांकडे वेळच वेळ होता, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. पुरुष रस्त्याने सावकाश चालायचे, मधेमधे थांबायचे, बायका मात्र भरभर, कारण घरातली कामं होती. याहोदांनी पुढे आयुष्यभर हेच मांडलं की नोकरी पैशाखेरीज दिवसाला आकार देते, माणसांत नेते. तुम्हाला जे होतंय ते गावच्या गावाला झालंय.

स्टुटगार्ट_मराठी

मी जर्मनीत आहे, इथली एक पद्धत सांगतो. कुर्त्सआर्बाइट, म्हणजे काम कमी झालं की कंपनी सगळ्यांचे तास कमी करते, ताशी दर तोच राहतो आणि बुडालेल्या हातातल्या पगाराचे ६० टक्के सरकारी रोजगार विमा देतो, मूल असेल तर ६७. २००९ ला सगळ्यात वाईट महिन्यांत चौदा लाखांच्या वर लोक यात होते, एप्रिल २०२० ला साठ लाखांच्या आसपास. मी स्वतः काही महिने आठवड्याला तीन दिवस होतो. टीममध्ये कुणाला अपमान वाटला नाही, सगळेच तीन दिवस होते. काम आल्यावर पहिल्या दिवसापासून तीच माणसं जागेवर.

भोसरी_वर्कशॉप

हे आम्हाला २०२० ला मिळालं असतं तर गाडी विकावी लागली नसती. आपल्याकडे ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा) बेकारी भत्त्याची तरतूद आहे पण ती नोकरी गेल्यावर, नोकरी वाचवायला काही नाही.

घरीच आहे सध्या, तुमच्या प्रश्नाला मालक म्हणून खरं उत्तर देतो. तुम्ही कमी पगार मागितलात तर मी पण विचारात पडेन, कारण आत जो क्वालिटीवाला आहे त्याला वाटेल उद्या माझाही असाच कमी करतील. पण तुम्ही तुमच्या नेहमीच्या दराने आठवड्याला तीन दिवस येतो म्हणालात तर मी घेईन. माझ्यासारख्या छोट्या युनिटला पूर्णवेळ सीनियर क्वालिटी परवडत नाही आणि ऑडिट तर वर्षभर असतात. अशी दोन-तीन युनिट मिळून एक माणूस ठेवू शकतात.

मुक्त_बाजार

पण ही पण कपातच झाली ना, महिन्याला हातात कमीच येणार.

घरीच_आहे_सध्या

हातात कमी येईल, पण दर माझा राहील आणि उरलेले तीन दिवस दुसऱ्याला देता येतील. असं कुणी मला आजवर सुचवलं नव्हतं. भोसरीवाले, व्यनि (खाजगी निरोप) करतोय, ऑडिट कुठल्या कस्टमरची असतात ते कळवा. आयएटीएफचं, म्हणजे वाहन उद्योगाच्या क्वालिटी मानकाचं, इंटर्नल ऑडिटर सर्टिफिकेट माझ्याकडे आहे, नवा भाग मंजूर करून घ्यायची पीपॅप फाइल एकट्याने करतो.